सूचना : ट्रोलिंग मोटरची जोडणी तापत असेल तर

सर्व बोटधारक सभासदांस,

ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी बॅटरीवरची मोटर) चालवताना बॅटरीचे टर्मिनल किंवा प्लग हाताला चटका देत असेल तर मोटर लगेच बंद करा. दोष बहुतेक वेळा मोटरमध्ये नसून ढिल्या किंवा गंजलेल्या जोडात असतो. बारा व्होल्टची मोटर फुल स्पीडला ५० अँपिअर ओढत असेल, तर जोडातला ०.०२ ओहमचा रोधही ५० वॅट उष्णता करतो. सोल्डरिंग आयर्न एवढी! प्लग वितळणारच.

शोधायचं असं : बोट काठाला घट्ट बांधा, पंखा पाण्यात ठेवून फुल स्पीड द्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं त्यावरच्या लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की जोड खराब. प्लग आणि ब्रेकरही (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) असेच तपासा.

दुरुस्तीआधी निगेटिव्ह वायर काढा. तांबं काळं-हिरवं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, टिनचा मुलामा असलेला तांब्याचा लग हायड्रॉलिक क्रिंपरने (लग वायरवर दाबून बसवायच्या अवजाराने) दाबा. पकडीने चेपलेला लग चालणार नाही. लग थेट शिशावर बसवा, वॉशर त्याच्या वर. खाली घातलेला वॉशरच पुष्कळदा तापतो. विंगनट धक्क्यांनी सुटतात, त्याऐवजी स्टेनलेसचे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) घाला. व्हॅसलिन नट आवळल्यानंतरच लावा.

ब्रेकर पडतो म्हणून मोठा बसवू नका, वायर जळेल. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत आधी पंख्यात अडकलेली जलपर्णी काढा. तिच्यामुळेही करंट वाढतो.