दादा, हे पत्र एकट्याने वाच

स्विंडन, इंग्लंड
दि. ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वर शिरसाष्टांग लिहायचं आणि खाली अरे-तुरे करायचं, ही आपल्या घरची जुनीच रीत. बोलतो कोंकणी आणि लिहायला बसलो की मराठी, तेही तसंच. पेडण्याच्या मराठी शाळेत मास्तरांनी पत्रलेखन शिकवलं, ते पन्नाशी उलटल्यावर असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुमचा फोन. तुम्ही तो स्पीकरवर टाकून माटवात ठेवता. मी इथून ‘हॅलो’ म्हणतो तेव्हा तिथे तू, वहिनी, सूनबाई, शेजारची माई आणि कधी कधी पाववालाही ऐकत असतो. मला जे बोलायचं आहे ते पाववाल्यासमोर बोलता येण्यासारखं नाही.

गेल्या डिसेंबरात मी मोपाच्या विमानतळावर उतरलो आणि तिसऱ्याच दिवशी देवळात दशावतारी काला होता. आपण लहान होतो तेव्हा तू संध्याकाळीच जाऊन पुढे चादर टाकायचास, संकासुराच्या अगदी पायाशी. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत जागचा हलायचा नाहीस. या खेपेला तू कडेला, माडाच्या बुंध्यापाशी खुर्ची घेऊन बसलास. म्हणालास, पाठ धरते. दादा, मी मोजलं. राजा युद्धाला उभा राहीपर्यंत तू पाच वेळा उठून कुळागराच्या बाजूला गेलास, आणि प्रत्येक वेळी इतका वेळ लावलास की मला वाटलं तू घरीच गेलास. परवा वहिनीने स्पीकर बंद करून (तिला तो बंद करता येतो हे मला त्या दिवशी कळलं) सांगितलं, की आता रात्री चार-पाच वेळा उठतोस, चार वाजल्यानंतर पाणी पीत नाहीस, आणि कुणीतरी दिलेला गोखरूचा काढा घेतोस. डॉक्टरकडे चल म्हटलं की ‘वय झालं’ म्हणतोस. एकसष्ट हे काय वय झालं?

आता माझं सांगतो. ते वाचलंस की माझा बोलण्याचा हक्क कुठून आला ते कळेल.

नोव्हेंबरात इथे पुष्कळ पुरुष मिशा वाढवतात. ही टूम २००३ साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये निघाली. पुरुषांच्या आजारांवर बोललं जावं आणि त्यासाठी पैसे जमावेत म्हणून. गेल्या वर्षी आमच्या गोदामातल्या पोरांनी मलाही ओढलं. मिशी आपल्याला काय नवी? पण त्या निमित्ताने एकाने विचारलं, तू पन्नाशीचा आहेस, तपासणी केलीस का? इथे सरकार सगळ्या पुरुषांना बोलावून प्रोस्टेटची, म्हणजे लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीची, तपासणी करत नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्याने मागितली तर डॉक्टर पीएसए नावाची रक्ताची तपासणी करून देतात. मी गेलो. डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का?

मी गप्प राहिलो. मग ‘हो, वडिलांना’ असं इंग्रजीत म्हणालो. दादा, आबांना जाऊन सोळा वर्षं झाली आणि तो शब्द मी पहिल्यांदा तोंडातून काढला, तोही परक्या बाईसमोर, परक्या भाषेत. घरात आपण काय म्हणायचो? ‘हाडांचा आजार’. सुतकाला आलेल्यांना तेच सांगितलं, कुडाळला ताईच्या सासरी तेच सांगितलं. पाऊसभर आबांची पाठ दुखत होती आणि आपण नारायण तेल चोळत होतो. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं तेव्हा कॅन्सर मणक्यात उतरलेला होता. त्याआधी दोन वर्षं लघवीला त्रास होता हे आबांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी कुणाला दोष देत नाही. तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं! पण ज्याच्या बापाला किंवा भावाला हा आजार झाला त्याला तो होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त असते, हे मला त्या बाईंनी सांगितलं. तुझ्या बाबतीत आता दोघेही आले. बाप आणि भाऊ.

हो, भाऊ. माझा पीएसए वाढलेला निघाला. घाबरू नको, नीट वाच. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर, असं नसतं. इथे सांगतात की वाढलेल्या चारांपैकी तिघांना कॅन्सर नसतो. ग्रंथी नुसती मोठी झाली, लघवीत जंतू झाले, तरीही आकडा चढतो. मग एमआरआय काढला. त्यात एक डाग दिसला, म्हणून भूल देऊन सुईने तुकडे काढले. निदान झालं: कॅन्सर आहे, पण सगळ्यात सौम्य जातीचा आणि ग्रंथीच्या आतच असलेला. अशाला लगेच कापत नाहीत की शेक (रेडिएशन) देत नाहीत. नजर ठेवतात. पहिलं वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी रक्त, मग पुन्हा एमआरआय. वाढायला लागला तर उपचार. इथल्याच एका मोठ्या अभ्यासात सोळाशेच्या वर पुरुषांना तीन गटांत वाटलं होतं: ऑपरेशन, शेक आणि नजर ठेवणं. पंधरा वर्षांनी २०२३ साली निकाल आला. कुठल्याही गटात असोत, शंभरातले सत्त्याण्णव या आजाराने गेले नव्हते. मी तो आकडा पाठ केला आहे. रात्री झोप आली नाही की म्हणतो, जसे आबा व्यंकटेशस्तोत्र म्हणायचे.

घरी सांगितलं नाही कारण तुम्ही सगळे रडला असता, आणि तेही स्पीकरवर.

आता नीट ऐक, कारण माझी स्वतःचीही इथेच गल्लत झाली होती. मला लघवीचा काहीही त्रास नव्हता. धार बरी होती, रात्री एकदाही उठत नव्हतो. तरी कॅन्सर निघाला. तुला एवढा त्रास आहे आणि तुला बहुधा साधी वाढच असेल. हे उलटं कसं? ही ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या खाली असते, अक्रोडाएवढी, म्हण ना सोललेल्या सुपारीपेक्षा थोडी मोठी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाबरोबर ती आतून, नळीच्या बाजूने फुगते. नळी आवळली जाते, म्हणून धार बारीक, सुरू व्हायला वेळ, झाल्यावर पुन्हा थेंब, आणि पिशवी पुरती रिकामी होत नाही म्हणून सारखं उठणं. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांची ती अशी वाढलेली असते. तो कॅन्सर नव्हे आणि त्याचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. खरा कॅन्सर बहुतेकदा बाहेरच्या कडेला सुरू होतो, नळीपासून लांब. म्हणून तो सुरुवातीला काहीच बोलत नाही. म्हणजे त्रास आहे म्हणून घाबरायचं नाही आणि त्रास नाही म्हणून निवांतही राहायचं नाही.

साधी वाढही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. देऊळवाड्यावरच्या मास्तरांचं तूच सांगितलं होतंस. पावसात सर्दी झाली, फार्मसीतून गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी पूर्ण बंद. पोट माठासारखं. दोन वाजता १०८ बोलावून नेलं, नळी घातली तेव्हा जीवात जीव आला. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं, ज्याची ग्रंथी वाढलेली आहे त्याला. हुर्राकाच्या दिवसांत एका बैठकीत दारू फार झाली तरी होतं, हे तुला वेगळं सांगायला नको. आणि महिनोन् महिने पिशवी अर्धी भरलेली राहिली तर त्यात जंतू होतात, खडे होतात, ताण मागे मूत्रपिंडावर जातो.

काढ्याबद्दल मी काही म्हणत नाही, आधी तपास आणि मग काढा. पाणी तोडू नको. दिवसा नीट पी, फक्त निजायच्या आधी दोन तास कमी कर, आणि संध्याकाळचा तो तिसरा चहा सोड.

तपासायचं कुठे, ते तुला माझ्यापेक्षा ठाऊक. बांबोळीला युरोलॉजी, म्हणजे लघवीच्या आजारांचा विभाग, आहे. वेळ जाईल, रांग असेल, पण सगळं एका जागी होईल. तेवढा दिवस काढणं नको असेल तर म्हापशात सुरुवात कर. बहुतेक हे होईल: आधी सात प्रश्नांचा कागद देतील, धार कशी, किती वेळा उठता वगैरे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत सौम्य, एकोणीसपर्यंत मध्यम, त्यावर जास्त. तू खरं लिही, शाळेत लिहायचास तसं जास्तीत जास्त गुण मिळवायला नको. लघवी तपासतील, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघतील. तुझी साखर सीमेवर आहे, सारखं जाण्याचं निम्मं कारण तेही असू शकतं. सोनोग्राफीला पाणी पिऊन बसवतील, मग जाऊन ये म्हणतील आणि पुन्हा बघतील की पिशवीत किती उरलं. एका नरसाळ्यासारख्या यंत्रात करायला लावतात, ते धारेचा आलेख काढतं.

आणि बोटाने तपासणं. तू त्यालाच घाबरतोस, मला माहीत आहे, कारण मीही त्यालाच घाबरत होतो. कुशीवर निजवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, हातमोजा आणि जेली लावून गुदद्वारातून ग्रंथी चाचपतात. दहा-पंधरा सेकंद. गुळगुळीत आहे की कडक गाठ आहे, ते कळतं. दाताच्या डॉक्टरकडे याहून जास्त त्रास होतो.

पीएसएला उपाशी जावं लागत नाही. लघवीला जळजळ असेल तर आधी ती बरी करायची, नाहीतर आकडा खोटा चढतो. मी कामावर सायकलने जातो, ती दोन दिवस बंद ठेवायला लावली होती. दोन दिवस नवरा-बायकोचा संबंधही टाळायचा असतो. हे मी लिहिलं, तू वाचलंस, आता पुढे चल. कुणी आधीच ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू केली असेल तर डॉक्टरांना सांगच, सहा महिन्यांत त्या गोळ्यांनी पीएसए निम्म्यावर येतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. टॅमसुलोसिन दिली तर नळीभोवतीचा आवळ सैल होतो, थोड्या दिवसांत फरक कळतो, पण बिछान्यातून झटकन उठलास तर चक्कर येईल. तुझी बीपीची गोळी चालू आहे ते सांग. लघवीत रक्त दिसलं तर मात्र यातलं काही वाचत बसू नको, त्याच दिवशी जा.

इथल्या राजाचंही हेच झालं होतं. गेल्या वर्षी जानेवारीत चार्ल्सने जाहीर केलं की माझी ग्रंथी वाढली आहे, उपचाराला जातो आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर मोठमोठे बाप्ये चहा पिताना आपापल्या धारेवर बोलत होते. राजाला जगाला सांगता आलं आणि तुला वहिनीला सांगता येत नाही.

ताईला कुडाळला सांगायचं काम तुझ्यावर टाकतो, माझं आणि आबांचंही. तिची मुलं चाळिशीला आली, आजोबांना काय झालं होतं ते त्यांना कळायला हवं. आपल्या बाबूलाही सांग. घराण्यात आजार असेल तर पंचेचाळिशीपासून डॉक्टरांशी बोलावं म्हणतात. ‘हाडांचा आजार’ आता पुरे.

कामाच्या पाळ्या मी जुळवून घेतल्या आहेत, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. तोवर रक्त आणि सोनोग्राफी झालेली असू दे, बांबोळीला आपण दोघे जाऊ. शुक्रवारी बाजाराला म्हापशाला जातोसच, तेव्हाच रक्त देऊन ये. चवळी आणि भेंडी वहिनी नंतर आणेल.

रिपोर्टचा फोटो फक्त मला पाठव. ‘आपले कुटुंब’ ग्रुपवर टाकू नकोस.

तुझा धाकटा,
बाळा

ता. क. वहिनीवर चिडू नकोस, तिने सांगितलं नसतं तर मी मिशीच वाढवत बसलो असतो. आणि कपाटातल्या त्या सर्दीच्या गोळ्या आजच बाजूला काढ.