त्या एका रकान्यात काय लिहू?

प्रिय दोस्ता,

खूप दिवसांनी लिहितोय, आणि फोन का नाही केलास हे तू विचारणारच. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, पाठ अधूनमधून कुरकुरते, बाकी काही नाही. मुद्द्यावर येतो.

अप्रेझलचा फॉर्म आलाय. या वेळी त्यात नवीन रकाना टाकलाय, 'टीम लीडर म्हणून या वर्षातलं तुमचं स्वतःचं यश'. टीमच्या कामासाठी वेगळा रकाना आहे, म्हणजे पळवाट नाही. भरायला बसलो आणि हात आपोआप टाइप करून गेला, "टीमच्या सहकार्याने प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला." वाचलं आणि थेट तुझा आवाज कानात, "झाला म्हणजे काय रे, आपोआप झाला का?"

कॉलेजच्या मासिकाच्या वेळी तू हेच ओरडला होतास ना. संपादक म्हणून माझं नाव मी शेवटच्या पानावर सगळ्यांच्या खाली बारीक टायपात टाकलं, आणि तू प्रुफं हातात नाचवत सरांसमोर माझ्याशी भांडलास, लंबू मधे पडला म्हणून निभावलं. (तुझ्या लेखातल्या चुकाही त्याच प्रुफांत होत्या, त्या तू सोयीस्करपणे नाही दाखवल्यास.) तेव्हा तू म्हणालास, अंकात काही चुकलं तर लोक कुणाला धरणार, तुलाच ना? मग नीट झालं तर ते कुणाचं? याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता या फॉर्मने तोच प्रश्न परत समोर आणून ठेवलाय आणि तो डोक्यातून जात नाही, म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, भर की काहीतरी आणि सबमिट कर.

बघ, स्वतः कोड लिहायचो तेव्हा सोपं होतं. हे मी केलं असं बोट ठेवून दाखवता यायचं. आता दिवसभर मीटिंगा, कुणाची समजूत काढ, कुणाला थांबव, वरून आलेलं प्रेशर खाली जाऊ देऊ नको. संध्याकाळी दाखवायला हातात काही नसतं. आणि त्यातलं जे सगळ्यात चांगलं केलेलं असतं ते तर दिसतच नाही, कारण त्यातून निघतं काय, तर एखादी भानगड झाली नाही एवढंच.

यंदाच्या सगळ्यात मोठ्या रिलीजचं सांगतो. क्लायंटला महिनाअखेर हवं होतं. रिफंडचा भाग नीट टेस्ट झाला नव्हता. मीटिंगमध्ये वरचे साहेब म्हणतायत करून टाका, उरलेलं नंतर बघू, सगळे माना डोलावतायत, आणि आमचा टेस्टर दोनदा तोंड उघडून परत गप्प बसला. ते मी बघितलं. मी म्हटलं, या तारखेला होणार नाही, दोन आठवडे लागतील, का लागतील ते क्लायंटला मी स्वतः सांगतो. खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. क्लायंटचा तो कॉल काही सुखाचा नव्हता, एवढंच सांगतो. पण त्या दोन आठवड्यांत टेस्टरने अशी चूक पकडली की एकच रिफंड दोनदा जात होता! रिलीजच्या रात्री कुणाचा फोन वाजला नाही, सगळे शांत झोपले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यावर चकार शब्द नाही, कारण बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं. हे यशच आहे रे. पण कसं लिहायचं?

आणि लगेच दुसरं मन म्हणतं, चूक शोधली त्याने, दुरुस्त केली टीममधल्या दोघींनी, तू काय केलंस? यात तुझाही हात आहे बरं का. तूच मला तो 1979 चा रॉस आणि सिकोलीचा अभ्यास सांगितला होतास, नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं की घरच्या कामात तुमचा वाटा किती, तर बहुतेक जोडप्यांत दोघांची बेरीज शंभराच्या वर गेली. माणसाला स्वतःचं केलेलं जास्त आठवतं. तेव्हापासून श्रेयाचा विषय निघाला की मी दचकतो. पण परवा रात्रभर यावर विचार करत पडलो होतो आणि मला वाटतं एक गोष्ट सुटली. ती जोडपी एकाच कामातले वाटे सांगत होती. इथे कामं दोन आहेत. चूक पकडली हे पूर्णपणे टेस्टरचं, त्यातलं कणभरही मला नको. त्याला ती पकडायला वेळ मिळाला, हे माझं. माझं मी म्हटलं म्हणून त्याचं काही कमी होत नाही. भांडायचं असेल तर यावर भांड, पण नीट मुद्दा घेऊन ये.

हे सगळं डोक्यात शिजत असताना टीममधली सगळ्यात नवीन मुलगी तिचा फॉर्म घेऊन आली. जुना रिपोर्टिंगचा भाग, ज्याला कुणी हात लावत नव्हतं, तो हिने एकटीने उकलून नव्याने लिहिला. आणि फॉर्ममध्ये काय, तर "सर्वांच्या मदतीमुळे शक्य झाले." मला एकदम तुझ्या त्या दोघी मानसशास्त्रज्ञ, क्लान्स आणि आइम्स, आठवल्या, 1978 चा तो पेपर, दीडशेच्या वर हुशार, यशस्वी बायका, डिग्र्या आहेत, मान आहे, तरी मनातून खात्री की आपण लोकांना फसवलंय, नशिबाने जमलंय. तिला म्हटलं, बस इथे आणि हेच वाक्य 'मी'पासून सुरू करून लिही. दोनदा खोडलं, मग लिहिलं, "मी जुना रिपोर्टिंग मॉड्यूल समजून घेऊन पूर्ण नव्याने लिहिला." स्वतःच ते वाचून अशी हसली ना. आणि मग म्हणते, सर, तुम्ही काय लिहिलंत?

तर आता तुला सांगतो, मधे बोलू नकोस. मी तारीख पुढे ढकलली आणि ती जबाबदारी स्वतःवर घेतली. वर्षभर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांना मी समोरासमोर बसवलं आणि आज ते एकत्र डिझाइन करतात. सोडून जायचं ठरवलेल्या माणसाला मी अडवलं नाही, त्याला नक्की काय हवंय ते विचारलं, ते काम त्याला मिळवून दिलं, तो राहिला. मीटिंगमध्ये गप्प बसणारी माणसं आता बोलतात, टेस्टर तर सगळ्यात जास्त. हे मी केलं. मला याचा आनंद आहे आणि लिहितानाही छाती भरून आलीये.

रकान्यात हेच टाकणार आहे, साध्या शब्दांत. शिवाय दर शुक्रवारी निघायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवायला लागलोय, नाहीतर वर्षाअखेर काही आठवत नाही, आठवतं ते बिघडलेलंच. ॲमाबिले आणि क्रेमरने 238 लोकांच्या जवळजवळ 12,000 डायरीच्या नोंदी वाचल्या होत्या ना, चांगल्या दिवसांत सगळ्यात जास्त वेळा काय दिसलं तर कामात थोडीशी का होईना प्रगती, आणि लोकांना कामात हुरूप कशाने येतो असं मॅनेजर लोकांना विचारलं तर त्यांनी प्रगतीला शेवटचा नंबर दिला! मला ते तेव्हा खरं वाटलं नव्हतं, आता वाटतं. पहिल्या शुक्रवारची ओळ घरी मोठ्याने वाचून दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकटीने सगळ्यात जोरात.

तुझं कसं चाललंय? वहिनींचा पाय आता कसा आहे, प्लास्टर निघालं का? लेकीच्या परीक्षा संपल्या असतील, तिला माझे आशीर्वाद. लंबूचा नंबर बदललाय, नवीन पाठवतो. आणि हो, तू विभागप्रमुख झालास हे मला वहिनींकडून कळलं, तेही दुसऱ्याच गोष्टीवरून विषय निघाला म्हणून! मासिकावरून सरांसमोर माझी हजेरी घेणारा तू, आणि स्वतःचं एवढंही सांगता येऊ नये? मनापासून अभिनंदन रे, मला फार फार आनंद झालाय. पण एवढ्यावर सोडणार नाही. पुढच्या पत्रात विभागात काय काय बदललंस ते सगळं लिही, आणि प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू कर. प्रुफं मी तपासणार आहे.

तुझाच,
संपादक