पुण्यस्मरणात तिचे माहेरचे नावही येऊ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात पुण्यस्मरणाच्या चौकटी रोज येतात. फोटो, त्याभोवती हार आणि खाली ‘प्रेमळ, मायाळू, कष्टाळू’. फोटो आणि नाव झाकले तर ही आई कोणाची, आजी कोणाची, काही कळायचे नाही. जाहिरातीत जागेचे पैसे पडतात, तिथे एवढेच बसते, हे मान्य. पण वर्षश्राद्धाला वाटायच्या सोळा पानी स्मरणिकेतही तीच विशेषणे मोठ्या टायपात येतात. अशा स्मरणिकांचे डीटीपी करणाऱ्यांच्या हातात मजकूर पडतो तेव्हा विचारायला माणूसच उरलेले नसते. म्हणून ज्यांच्या घरी आई, आजी अजून आहेत त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी नाव. लग्नात नाव बदललेले असेल तर माहेरचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका लिहून ठेवा. शाळेचा दाखला माहेरच्या नावाने असतो, रेशनकार्ड आणि सातबारा सासरच्या. दोन्ही नावे एका कागदावर कुठेच नसली की पणतवंडांना त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख तर डोळे झाकून उतरवू नका. नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की मास्तर सर्रास १ जून टाकत. मृत्यूची तारीख आणि तिथी दोन्ही द्या. श्राद्ध तिथीने होते, पण पुढच्या पिढीला पंचांग बघता येईलच असे नाही. सवाष्ण गेली असेल तर अविधवा नवमीचाही उल्लेख असू द्या.

‘तुझे लग्न कोणत्या साली झाले?’ या प्रश्नाला बहुधा ‘कोण जाणे’ असेच उत्तर येते. त्याऐवजी घडलेल्या गोष्टींवरून विचारा. पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा कोण कडेवर होते? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा कोणत्या घरात होतात? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले? लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) धरा. या खुंट्यांना बाकीच्या गोष्टी आपोआप अडकतात. पैशांवरून मात्र साल काढू नका. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तरी पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणणे पुढे कित्येक वर्षे चालूच होते.

रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो. पंखा आणि टीव्ही बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. नुसत्या स्टीलच्या ताटावर ठेवला तर भांड्याचा प्रत्येक खणखणाट त्यात उतरतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे. घरातला मोठा मुलगा समोर बसला की बऱ्याच आज्या त्याच्याकडे बघून उत्तर देतात, तेव्हा त्याला बाहेर पाठवलेले बरे. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर नुसत्या सांगायला लावू नका, गायला लावा. सांगताना मधला शब्द गळतो, चालीत तो येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यात गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्येही सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख बोलून टाका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पाककृतींत. ‘मूठभर’, ‘अंदाजाने’ असे लिहिलेली कृती पुढे कुणालाच जमत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्यावर भांडे ठेवून काटा शून्यावर आणा आणि आजीलाच तिच्या हाताने टाकायला लावा. मूठ तीनदा मोजून सरासरी काढा. वाटी म्हणजे नेमकी कोणती, तेही बघा. तिच्यात काठोकाठ पाणी भरून त्या पाण्याचे वजन केले की जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, हा जुन्या मापांचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

गोडा मसाला असेल तर क्रमही लिहा. धने, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग हे थोड्या तेलावर वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. दगडफूल हलके असते, ते धन्यांबरोबर टाकले तर धने होईपर्यंत करपते आणि सगळा मसाला कडवट होतो. तीळ आणि सुके खोबरे कोरडेच भाजायचे. गरम असताना कुटले तर त्यांना तेल सुटून गोळे होतात. पूर्ण गार होऊ द्यायचे. शेजारणीचे प्रमाण वेगळे असेल, ते घालून ‘सुधारणा’ करू नका. तिळाला तिचा हात सढळ होता की आखडता, हेच तर नोंदवायचे आहे.

जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने नव्हे, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे लिहा. लॅमिनेशन करू नका, नंतर ते निघत नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर करा.

उरला स्वभाव. तापट होती, हिशोबाला कडक होती, धाकट्या जावेशी वर्षभर अबोला धरला होता, हे लिहायला घरचे कचरतात. लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘मायाळू’ने जे कळत नाही ते ‘दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद भिंतीवर कोळशाने करायची आणि त्याच्या पोरीच्या लग्नात पातेलेभर लाडूही द्यायची’ या एका वाक्याने कळते.

आपल्याला विनंती एवढीच की, पुण्यस्मरणाच्या जाहिरातीच्या अर्जात ‘माहेरचे नाव’ आणि ‘माहेरचे गाव’ असे दोन रकाने वाढवावेत आणि त्या दोन ओळींना ज्यादा दर लावू नये. तयार मजकुराचे जे नमुने काउंटरवर दाखवले जातात, त्यांत एखादा विशेषणे नसलेलाही ठेवावा.

— स्मरणिकांचे डीटीपी करणारा एक वाचक, सातारा