चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना, नूडल्ससाठी मनापासून थँक यू

वहिनी,

समोर भेटलो की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांना दिसेल असं इथे लिहितोय.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आईला प्रोटीन वाढवा सांगितलं, तेव्हा घरात रोज तोच विषय होता. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब तब्येत ठीक असलेल्या माणसाला दिवसाला किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे आईच्या साठ किलोला पन्नास ग्रॅम आणि डॉक्टरांनी तर त्याहून जास्तच सांगितलेलं. आई अंड्याला हात लावत नाही, पावडरचा वास तिला सहन होत नाही, आणि घट्ट वरणाची वाटी धरली तरी सहा-सात ग्रॅम. त्यात मी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत साडेआठ, तेव्हा दोन भाज्या आणि उसळ कोण करणार.

तुम्ही त्या दिवशी वर आलात, फ्रीज उघडून बघितलात, आणि म्हणालात शेंगदाण्याचं कूट आहे ना, मग झालं, त्याच्या सॉसमधल्या नूडल्स करायच्या. मला वाटायचं असल्या नूडल्सना महागाच्या बाटल्या लागतात. पण इंडोनेशियात गाडो-गाडोवर, म्हणजे तिकडच्या भाज्यांच्या सॅलडवर, शेंगदाण्याचाच सॉस असतो हे तुम्ही सांगितलंत आणि आई लगेच कान देऊन ऐकायला लागली, कारण कूट म्हणजे तिचाच प्रांत.

आता हात बसलाय. टोफू (सोयाबीनचं पनीर) घरी आल्या आल्या फडक्यात गुंडाळून वर जड पातेलं ठेवायचं, तोवर पाणी उकळायला. सॉस आधी, ही तुमची अट मी अजून पाळतो: दोघांना मिळून चार मोठे चमचे कूट, एकच मोठा चमचा सोया सॉस, किसलेला लसूण, लिंबू, गुळाचा छोटा खडा, लाल तिखट, आणि नूडल्ससाठी ठेवलेलं गरम पाणी थोडं थोडं घालत दाट होईपर्यंत फेटायचं. मीठ अजिबात नाही. हे तुम्ही किती बरं सांगितलंत वहिनी, आईला बीपी आहे आणि त्या एका चमच्यातच 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, जागतिक आरोग्य संघटना तर दिवसभराचं मिळून 2000 च्या खाली ठेवा म्हणते.

मग टोफूला कॉर्नफ्लॉर चोळून बिडाच्या तव्यावर, आणि हलवायचा नाही, खालून खरपूस झाला की तो स्वतःच सुटतो. त्याच तव्यात कोबी, गाजर, सिमला मिरची मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटं. गव्हाच्या नूडल्स पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधीच काढायच्या, कारण गरम सॉसमध्ये त्या आणखी शिजतात. वरून कांद्याची पात आणि खलबत्त्यात जाडसर कुटलेले भाजलेले तीळ. भाजी चिरलेली असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत ताट, सॉरी, बोल समोर.

प्रोटीनचा हिशोब: शंभर ग्रॅम टोफूचे साधारण बारा-तेरा ग्रॅम, कुटाचे चार-पाच, नूडल्सचे सात-आठ, म्हणजे एका बोलमध्ये पंचवीसच्या आसपास. मी स्वतःसाठी वर एक अंडं फोडतो, त्याचे सहा वेगळे.

पण मला सगळ्यात जास्त थँक यू म्हणायचंय ते मुगासाठी. आई सुरुवातीला टोफू बाजूला काढून ठेवायची, तुम्ही काही बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मुगाची वाटी पाठवलीत आणि म्हणालात इंडोनेशियातही मुगाचेच मोड नूडल्समध्ये घालतात, फक्त ते लांब आणि पांढरे असतात. ओळखीचं काहीतरी दिसलं म्हणून ती जेवली, आणि हळूहळू टोफूही खायला लागली. आजारी माणसाला आग्रह न करता जेवायला लावणं मला जमत नव्हतं, ते तुम्ही एका वाटीत केलंत.

आता ती वॉकर सोडून सोसायटीच्या बागेत फेरी मारते. व्यायाम, फिजिओथेरपी सगळंच कारणी लागलंय, पण रात्री तिला भूक लागते आणि ती पोटभर जेवते हे तुमच्यामुळे.

जांभळी नाक्याला जाणारच आहे शनिवारी, पात आणि कोबी तुमच्यासाठी पण आणतो. आणि आईचा निरोप आहे, पुढच्या वेळी तुम्ही इथे जेवायला यायचं, सॉस ती करणार आहे.

तुमचा,
सहाव्या मजल्यावरचा भाऊ