ब्राह्मीच्या बाटलीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला ब्राह्मीच्या गोळ्यांच्या बाटलीचा फोटो पाहिला. ‘स्मरणशक्तीसाठी घेऊ का?’ या प्रश्नाला फोनवर घाईने हो-नाही म्हणण्यापेक्षा सविस्तर लिहावे, असे वाटले.

आधी झाडाची ओळख पटवून घेऊ. आई, मागल्या दारी न्हाणीच्या पाण्यावर पसरलेल्या ज्या वेलीच्या गोल, दातेरी पानांची तू चटणी वाटतेस, तिला आपल्याकडे ब्राह्मी म्हणत असले, तरी ती मंडूकपर्णी. बाटलीवर छापलेली ‘बॅकोपा’ म्हणजे नीरब्राह्मी. तिची पाने इवलीशी, मांसल आणि दांडीवर समोरासमोर असतात. चरकसंहितेतील चार मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठी सांगितलेल्या औषधांत, मंडूकपर्णीचे नाव आहे, पण पुढे सांगते ते प्रयोग नीरब्राह्मीवरचे आहेत, त्यामुळे त्यांचे श्रेय आईच्या चटणीला देता येणार नाही (चटणी मात्र मला हवीच आहे).

अमेरिकेत पोर्टलंड येथे ६५ वर्षांवरील, स्मृतिभ्रंश नसलेल्या ५४ जणांवर झालेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना १२ आठवडे रोज ३०० मिलिग्रॅम अर्क आणि इतरांना औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. कोणाला काय मिळते आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. ऐकवलेले शब्द काही वेळाने आठवून सांगण्यात अर्क घेणारे सरस ठरले. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांवरील निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगातही असाच फायदा दिसला, पण अर्क घेणाऱ्यांत पोटात कळा येणे, मळमळणे आणि वारंवार शौचास जावे लागणे या तक्रारी अधिक होत्या. म्हणजे गुण आहे. मात्र तो मोजका आहे, तीन महिन्यांपुरता तपासलेला आहे आणि निरोगी माणसांत दिसलेला आहे. या प्रयोगांवरून स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो, असे म्हणता येत नाही.

शिवाय तुमची थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि उंदरांवरच्या एका प्रयोगात या वनस्पतीने थायरॉइडचे संप्रेरक वाढवले होते. बाटलीत नेमके काय आहे, हाही प्रश्न उरतोच: २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

खरे सांगायचे तर मला बाटलीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. गेल्या महिन्यात दूधवाल्याला तुम्ही दोनदा पैसे दिलेत, आणि ते तुम्हाला आईने सांगितल्यावर कळले. असा विसरभोळेपणा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, थायरॉइड बिघडल्याने किंवा झोप नीट न झाल्यानेही येतो, आणि त्यावर उपाय असतात. आपण शुद्ध शाकाहारी, त्यामुळे बी-१२ ची तपासणी आधी करून घ्यावी. गोळ्या सुरू करून तीन महिने वाट पाहण्यात ती राहून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी पुढच्या शनिवारी येते आहे. तोवर बाटली उघडू नका. डॉक्टरांकडे जाताना ती आणि तुमच्या चालू गोळ्यांची पाकिटे आपण एकाच पिशवीत घालून नेऊ.

आपली,
ताई