लघवीचं कुणी विचारतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. गावातल्या बायका अजून सिस्टरच म्हणतात आणि दवाखान्यात न सांगितलेलं बरंच काही माझ्या सोप्यात बसून सांगतात. त्यातलंच एक म्हणजे खोकलं, शिंकलं, वैरणीचा भारा उचलला की लघवी सुटते. काहींचं वेगळंच. कळ आली की मोरी गाठेपर्यंत दम निघत नाही.

त्यापायी कुणी जोतिबाचा डोंगर सोडलाय, तर कुणी नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत न थांबता मुखदर्शनावर भागवतं. गंगावेशीत दूध घालायला येणारी एक बाई घरी परतेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. पाणी तोडलं की आपली सुटका, असं बहुतेकींना वाटतं. प्रत्यक्षात लघवी दाट होऊन पिशवी जास्तच चुरचुरते, शौचाला खडा होतो आणि कुंथण्याने खालचे स्नायू आणखी ढिले पडतात. कमी करायचाच असेल तर चहा कमी करावा. पण कोल्हापुरात हे कुणाला सांगायचं!

घरात विचारलं तर ‘बाळंतपणं झाली, वय झालं, चालायचंच’ हे उत्तर ठरलेलं. दुसऱ्या बाळंतपणानंतरच्या पस्तिशीच्या सुनाही माझ्याकडे येतात, त्यांचं कुठलं वय झालं?

तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी केंद्रांत होते. चांगली सोय आहे. अंगावरून जातं का, हेही विचारतात. पण लघवी धरवते का, हे आमच्या भागात कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. खरं तर त्याच टेबलावर याचा निम्मा शोध लागेल. साखर वाढली असेल, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल, जंतुसंसर्ग असेल, तर तिथेच कळतं. लघवीतून रक्त जात असेल किंवा अंग (गर्भाशय) खाली बाहेर येत असेल, तर पुढे डॉक्टरांकडे धाडायलाच हवं.

बाकी पुष्कळ जणींना व्यायामाने फरक पडतो. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला हा व्यायाम फुकटचा आहे. वारा अडवताना आवळतो ते स्नायू आत ओढायचे, काही सेकंद धरायचे, सैल सोडायचे. एका वेळी निदान 8 दा, दिवसातून 3 वेळा आणि किमान 3 महिने. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. भाकरी भाजताना, एसटीत बसल्या बसल्या करता येतो. मात्र एकदा कुणीतरी नीट शिकवावा लागतो, कारण कित्येकजणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात. घाईची कळ येणाऱ्यांना जोडीला दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवायची सवय लावावी लागते.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती, की या तपासणीत हा एक प्रश्न घाला आणि आशाताईंना व्यायाम शिकवायचं प्रशिक्षण द्या. आठवडी बाजारात बायकांसाठी कडी लागणारी, पाणी असलेली मुतारी हवी, ते काम ग्रामपंचायतीचं.

आणि प्रश्न विचारताना सासूला, नवऱ्याला बाहेर बसवा. नाहीतर उत्तर ‘नाही’ असंच येणार.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, ता. करवीर, जि. कोल्हापूर