थैलीजवळ दोघे हवेत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळ जवळ आला की वर्तमानपत्रांत चर्चची छायाचित्रे झळकतात : रोषणाई, मेणबत्त्या, गाणारी मुले. त्यात वावगे काही नाही. पण मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहाचे, खरे जगणे इतर साध्या रविवारांत आणि त्यांच्या मधल्या सहा दिवसांत असते, आणि त्यातले बरेचसे बिनपगारी सेवेकऱ्यांच्या हातून चालते. या सेवेविषयी एक समज घट्ट रुजला आहे. ही देवाची सेवा. तिला कसले नियम आणि कसल्या सह्या? या समजाविरुद्ध आमचे हे पत्र आहे. पैसा, मुले आणि आजारी माणसे यांच्याशी संबंध येणारे कोणतेही काम एकट्यावर सोपवू नये, एवढेच आमचे म्हणणे. येशूने बारा शिष्यांना पाठवले तेही दोघे दोघे करून (मार्क 6:7). उद्या कोणी शंका काढली तर एकट्या माणसाची बाजू सांगायला कोणी नसते.

अर्पणापासून, म्हणजे उपासनेत थैल्या फिरवून गोळा होणाऱ्या पैशांपासून, सुरुवात करतो, कारण बोभाटा बहुधा तिथेच होतो. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी जमवलेला निधी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडून दिलेला एक विश्वासातला भाऊ सोबत घेतला. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, व्यवहार प्रभूच्या आणि माणसांच्याही दृष्टीने चोख असावा, हे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे (2 करिंथ 8). पौलाला सोबती लागला. आमच्या मंडळ्यांत मात्र 'आपलाच माणूस आहे' एवढ्यावर भागते.

थैल्या फिरून पुढे आल्या, त्यांवर प्रार्थना झाली, इथवर सारे ठीक असते. पुढचा पाऊण तास त्या मागच्या खोलीत उघड्या पडून असतात आणि सगळे प्रवचन ऐकत बसलेले असतात. तसे न करता दोघांनी मिळून त्या लगेच एका पिशवीत रिकाम्या कराव्यात, पिशवीला क्रमांक असलेले सील लावावे आणि क्रमांक वहीत टिपावा. मोजणीला बसणारे दोघे एकमेकांच्या नात्यातले नसावेत. नवरा-बायको चालत नाहीत, बाप-लेकही चालत नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने ती जोडी म्हणजे एकच माणूस. खजिनदाराने मोजायला बसू नये. त्याने बँकेची पावती आणि मोजणीचा कागद ताडून पाहायचा असतो, आणि स्वतः मोजलेले स्वतःच ताडण्याला तपासणी म्हणत नाहीत.

आधी पाकिटे घ्यावीत. एकेक उघडून आतली रक्कम पाकिटावर लिहावी आणि मगच पैसे बाजूला करावेत. देणाऱ्याने वर लिहिलेला आकडा आणि आतले पैसे जुळत नसतील तर आतले पैसे खरे धरावेत, फरक पाकिटावर नोंदवून दोघांनी सह्या कराव्यात आणि ते पाकीट फेकू नये. देणाऱ्याला त्याच आठवड्यात कळवावे. दोन महिन्यांनी कळवले तर दोन्ही बाजूंना वाईट वाटते आणि खरे काय ते कोणालाच सांगता येत नाही. मग सुट्या नोटांच्या किमतीप्रमाणे गड्ड्या लावाव्यात. पहिल्याने मोजून आकडा कागदावर लिहून उलटा ठेवावा, दुसऱ्याने तो न बघता मोजावे. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पहिला मोठ्याने 'बहात्तर' म्हणतो आणि दुसऱ्याची बोटे आपोआप बहात्तरावर येऊन थांबतात. मग दोनदा मोजूनही मोजणी एकदाच झालेली असते.

आकडे शाईने लिहावेत. चुकले तर गिरवू नये. एक रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि दोघांच्या सह्या. कागदाच्या तीन प्रती कराव्यात : एक पैशांबरोबर, एक खजिनदाराकडे, एक चिटणिसाकडे. थैलीतले पैसे कोणत्याही खर्चासाठी परस्पर काढायचे नाहीत, हे सगळ्यांत महत्त्वाचे. बल्ब गेला, कुलूप बिघडले, पाहुण्या वक्त्याच्या प्रवासाचे द्यायचे आहेत, म्हणून कोणी थैलीतूनच नोट काढतो आणि तिच्या जागी पावती ठेवतो. हेतू स्वच्छ असतो, पण जमाही चुकते आणि खर्चही नोंदला जात नाही. पूर्ण रक्कम आधी बँकेत भरावी, खर्च वेगळ्या किरकोळ निधीतून करावा. इमारतीसाठी, मिशनकार्यासाठी किंवा गरिबांसाठी म्हणून दिलेले पैसे त्याच सदरात राहिले पाहिजेत. छप्पर गळते म्हणून गरिबांच्या सदरातून 'तात्पुरते' काढलेले सहसा परत येत नाहीत.

हल्ली अर्पण मोबाइलवरूनही येते. दारावर लावलेला क्यूआर कोड दर रविवारी उपासनेआधी एकाने स्कॅन करून पाहावा आणि खातेदाराचे नाव मंडळीचे आहे ना, याची खात्री करावी. त्यावर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवायला मिनिटभरही लागत नाही. कोणा पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर अर्पण घेणे तर एक दिवसही चालू ठेवू नये, मग तो पदाधिकारी कितीही सचोटीचा असो.

रविवारच्या शाळेबद्दल थोडक्यात, कारण इथे वाद घालण्यासारखे काही नाही. 1780 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी अशी शाळा चालवली ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. त्या काळी शिकवणारा मिळाला की पुरे होते. आज पुरत नाही. प्रत्येक वर्गात नात्यात नसलेली दोन मोठी माणसे हवीत, दार उघडे किंवा दाराला काच हवी. मूल आत घेताना पालकाला क्रमांकाची चिठ्ठी द्यावी आणि तीच पाहून मूल परत सोपवावे, मग न्यायला आलेली व्यक्ती ओळखीची का असेना. मंडळीत नव्याने आलेल्या माणसाला पहिले सहा महिने मुलांचे काम देऊ नये. तो आधी जिथे होता त्या मंडळीकडे चौकशी करावी. नियम पाळकांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) घरच्यांनाही तोच. कोणाला राग आला तर येऊ द्यावा.

आजाऱ्यांच्या भेटी हे आठवड्यातले फार जुने काम. इ. स. 155 च्या सुमारास हुतात्मा जस्टिन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले, त्यात उपासनेला येऊ न शकलेल्यांच्या घरी डीकन (मंडळीचे नेमलेले सेवक) प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा, वाटा नेत असल्याचा उल्लेख आहे. आजही भेटीला दोघांनीच जावे. आधी फोन करावा, पंधरा-वीस मिनिटांत उठावे, पलंगावर बसू नये, आजाराची चौकशी खोलात करू नये. प्रार्थना छोटी असावी आणि आवाज खोलीपुरता. जाणाऱ्या दोघांपैकी एकजण बोलका आणि एकजण गप्प बसता येणारा असला तर उत्तम. दोघे बोलके असले की आजारी माणूस थकतो.

सर्वाधिक नुकसान मात्र भेटीनंतर होते. परतल्यावर प्रार्थनेच्या यादीत नाव जाते, नावापुढे आजार जातो, आणि ती यादी मोबाइलच्या गटावर फिरते. घरच्यांनी अजून आपल्या नातेवाइकांनाही सांगितलेले नसते. यादीत फक्त नाव असावे, तेही विचारून. आजाराचा प्रकार, वॉर्ड, शस्त्रक्रियेची तारीख यांतले काहीही संमतीशिवाय लिहू नये. 'तपशील कळला तर नेमकी प्रार्थना करता येते' हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. देवाला वॉर्डचा क्रमांक लागत नाही.

प्रभुभोजनाच्या तयारीत लबाडीचा धोका नाही, हलगर्जीचा आहे. जिथे वेगळे छोटे पेले वापरतात तिथे चाळीस पेल्यांचा ट्रे सर्रास आढळतो. गेल्या वेळची संख्या घेऊन तिच्यात दहास एक जादा धरावा. पेला दोन तृतीयांशच भरावा. काठोकाठ भरला की म्हाताऱ्या हातातून रस सांडतो, आणि तो ज्याच्या हातून सांडतो त्याला पुढची सगळी उपासना ओशाळल्यासारखे होते. द्राक्षरस आंबू नये म्हणून 1869 मध्ये अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी त्याचे पाश्चरीकरण केले, तेच मुळी प्रभुभोजनासाठी. पण बाटली उघडली की तो रसही काही दिवसांत आंबतो. जिथे महिन्यातून एकदाच प्रभुभोजन असते तिथे गेल्या महिन्याची उरलेली बाटली कपाटातून निघते आणि पहिल्या घोटाला चेहरे वाकडे होतात. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहावी, एवढाच त्यावर उपाय.

गव्हाचा त्रास असणाऱ्यांसाठी वेगळी भाकर ठेवतात, पण ती त्याच ताटाच्या कडेला. चुरा मिसळला की वेगळी ठेवून उपयोग काय? ताट वेगळे, झाकण वेगळे, आणि ती आधी मोडावी, म्हणजे हाताला दुसरे काही लागलेले नसते. (रोमन कॅथलिक चर्चमध्ये भाकर गव्हाचीच असावी लागते, म्हणून तिथे अगदी कमी ग्लुटेनची (गव्हातल्या प्रथिनाची) भाकर वापरतात.) वेदीवरच्या कापडावर द्राक्षरसाचा डाग पडला तर थेट साबण लावू नये, साबणाने डाग निळसर पडून हट्टी होतो. आधी भरपूर थंड पाणी, मग साबण. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत चषक पुसण्याचे वस्त्र आधी साध्या पाण्यात खळबळतात आणि ते पाणी मोरीत न सोडता जमिनीत जिरवतात. नव्या सेवेकऱ्याला हे कोणी सांगितलेले नसले तर तो ते सरळ धुण्याच्या कपड्यांत टाकतो.

ध्वनियंत्रणेबाबत दोनच गोष्टी. सुरू करताना मिक्सर आधी, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना नेमके उलट. हा क्रम चुकला की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो, आणि वारंवार आला तर स्पीकर जातो. स्पीकरमधून शिट्टी वाजू लागली की आवाज कमी करावा आणि माइक स्पीकरच्या तोंडासमोरून हलवावा. शास्त्रपाठ वाचणाऱ्याला मात्र आदल्या दिवशीच सांगावे की घरी मोठ्याने तीनदा वाचून ये. बायबलमधल्या नहेम्या किंवा इतिहास या पुस्तकांतली नावे आयत्या वेळी जिभेवर येत नाहीत.

आता माणसांचा हिशेब. साधारण दीडशेच्या मंडळीला एका रविवारी दारावर 2, अर्पण फिरवायला 4, मोजणीला 2, वाचनाला 2, प्रभुभोजनाला 3, ध्वनीला 2, मुलांसाठी 4 आणि आवराआवरीला 3, असे 22 जण लागतात. प्रत्येकाची पाळी चार आठवड्यांतून एकदा यावी म्हटले तर 88 माणसे हवीत. मुले, वृद्ध आणि नवागत वगळता एवढी माणसे उरतच नाहीत, म्हणून मग तेच पंधराजण सगळे करतात आणि थकून एके दिवशी मंडळीच सोडतात. जमण्यासारखी वाटणी अशी : दारावरचे आणि अर्पणाचे काम त्याच चौघांनी करावे, प्रभुभोजनाची तयारी करणाऱ्या तिघांनीच आवरावे. मग 17 जण पुरतात, आणि तीन आठवड्यांतून एक पाळी धरली तर 51. अवघड आहे, पण अशक्य नाही. मोजणी मात्र कशातही मिसळू नये. थैली फिरवणाऱ्याने मोजायला बसायचे नाही.

पाळ्यांची यादी तीन महिन्यांची करावी. ज्याला जमत नसेल त्याने आपला बदली स्वतः शोधून चिटणिसाला कळवावे; चिटणीस शनिवारी रात्री दहा फोन करत बसला की पुढच्या वर्षी चिटणीस मिळत नाही. पद तीन वर्षांचे असावे आणि नंतर एक वर्ष सक्तीची विश्रांती. विश्रांतीचे नाव काढताच वीस वर्षे एकच काम करणारे दुखावतात, आणि त्यांचे दुःख खोटे नसते. त्यांना 'बाजूला व्हा' म्हणण्यापेक्षा वर्षभर आधी एक तरुण जोडीला द्यावा आणि त्याच्या हातात वही द्यावी. कोणते बटण कशाचे, दिव्यांची राखीव किल्ली कुठे, मोठ्या वेदीवस्त्राची घडी कोणत्या बाजूने घालायची, मागच्या दाराची कडी पावसाळ्यात का अडकते : सांगणाऱ्याने सांगावे, तरुणाने लिहावे. वही भरली की तिच्या दोन प्रती काढाव्यात, आणि त्यातली एक कपाटात ठेवू नये, कारण कपाटाची किल्ली कुठे असते हे त्या वहीतच लिहिलेले असते.

आपले,
मंडळीच्या सेवेतले काही सेवेकरी